परक्या उपग्रहांवर आपला पाऊस

कशेडी घाटात आषाढात ढग दरीतून वर चढतात आणि समोरचे दिसेनासे होते. 22 जुलै 2021 रोजी याच मुलखात महाड तालुक्यातील तळिये दरडीखाली गेले. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. दरड नेमकी कोठे कोसळेल हे कोणताही हवामान-उपग्रह सांगणार नाही. पाऊस किती कोसळेल, याचा अंदाज मात्र सुधारता येतो.

आपले इन्सॅट उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवरून अखंड पहारा देतात. पण त्यांना दिसतो तो प्रामुख्याने ढगांचा माथा. ढगाच्या पोटातील तापमान व बाष्प मोजणारी सूक्ष्मतरंगांची उपकरणे सुमारे आठशे किलोमीटरवरून ध्रुवीय कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहांवर असतात. त्यांच्यासाठी आपण बव्हंशी अमेरिका व युरोपवर विसंबून आहोत. जून 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या जुन्या लष्करी हवामान-उपग्रहांची माहिती थांबविण्याचे जाहीर केले. पुढे निर्णय फिरविला, हा भाग वेगळा. उद्या न फिरविला तर?

ओशनसॅट-3 आपण 2022 मध्ये ध्रुवीय कक्षेतच सोडला. तेव्हा क्षमतेची सबब चालणार नाही. तापमान-बाष्प मोजणाऱ्या तीन-चार स्वदेशी ध्रुवीय उपग्रहांच्या मालिकेसाठी केंद्राने ‘इस्रो’ला स्वतंत्र निधी द्यावा, आणि तोही येत्या अर्थसंकल्पात.