ओहमचं सोवळं

इथे अमेरिकेत आणि तिकडे भारतातही हॅम मंडळींची एक सवय अगदी सारखी आहे. रेडिओवर भरपूर पैसे, अँटेनावर आठवडाभर खटपट, आणि मधली केबल? हाताला लागेल ती! फक्त '५० ओहमची' असली की सोवळं सांभाळलं!

हे ओहम मल्टिमीटरने मोजायचे नसतात बरं का. केबलच्या दर मीटरमागचं इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं ते वर्गमूळ. केबल लांब असो वा आखूड, आकडा तोच. पोटात हवा असलेल्या कोॲक्सला सगळ्यात कमी घट साधारण ७७ ओहमला होते, आणि सर्वाधिक शक्ती ती ३० ओहमला पेलते. ५० ही मधली तडजोड. तिची पूजा कशाला?

आता हिशोब बघा. ४३५ मेगाहर्ट्झ, ३० मीटर केबल, खाली ५० वॅटचा रेडिओ. बारीक आरजी-५८ मध्ये सुमारे १० डेसिबल गळतात, म्हणजे अँटेनाला पोचतात ५ वॅट. उरलेले ४५ केबल गरम करण्यात! जाड एलएमआर-४०० मधून सुमारे २७ वॅट पोचतात. आणि केबल टीव्हीवाल्याची ७५ ओहमची आरजी-६? ओहम न जुळल्याचा दंड फार तर अर्ध्या डेसिबलच्या आसपास. तो धरूनही १६-१७ वॅट पोचतात. म्हणजे सोवळं मोडून तिप्पट फायदा! ट्रान्समीटर १.७-१.८ एसडब्ल्यूआर खपवून घेतो ना, तेवढं आधी पाहा.

७ मेगाहर्ट्झवर मात्र तीच आरजी-५८ तेवढ्याच लांबीत सव्वा डेसिबलच्या आसपास खाते. तिथे जाड केबलवर पैसे उधळणं हाही वेडेपणाच. लघुलहरींवर ४५० ओहमची शिडीसारखी उघडी लाइन तर त्याहून काटकसरी. पण तिला पाऊस आणि जवळचं लोखंड सोसत नाही. दूरदर्शनच्या जमान्यातली ३०० ओहमची चपटी पट्टी आठवते? तिची जातकुळी तीच.

माझं मत सरळ आहे: केबल घेताना आधी विचारा, माझ्या फ्रिक्वेन्सीला, माझ्या लांबीला किती डेसिबल जाणार? ओहम त्यानंतर. आणि कोकणातल्या पावसात कनेक्टर नीट सील करा, आत पाणी शिरलं की सगळे आकडे फोल.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातले निरोप हॅम रेडिओवरून बाहेर आले. अशा वेळी समोरच्याचा क्षीण आवाज केबलमध्येच गोंगाटाखाली गेला, तर खालचा ॲम्प्लिफायर आवाजाबरोबर गोंगाटही वाढवतो. गेलेलं परत येत नाही.