कातळाखालचा सौदा



निमोण्याच्या शिवारात विहीर खणावयास घेतली की काळा कातळ लागतो. हाच अग्निजन्य कातळ दख्खनच्या पठारावर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुरातून कर्बवायू वेगळा काढावा व तो अशा कातळात गाडावा, ही कल्पना आता शास्त्रज्ञ तपासू लागले आहेत. आइसलँडमध्ये २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून कातळात सोडण्यात आला. दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दगड होऊन बसला.

उपाय खरा आहे. पण तो फुकटचा नव्हे. वायू पकडण्यास वाफ व वीज खर्ची पडते, म्हणजे तितक्याच विजेसाठी अधिक कोळसा जाळावा लागतो. आइसलँडच्या रीतीने एक टन वायू गाडण्यास सुमारे २५ टन पाणी लागते. शिरूरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

हे सारे केंद्र उभे राहिल्यावर आठवून चालत नाही. म्हणून युरोपीय संघाने २००९ साली नियम केला की, ३०० मेगावॉट वा त्याहून मोठे केंद्र बांधण्यापूर्वीच वायू साठविण्याचे स्थळ, तो नेण्याचा मार्ग व यंत्रे बसविण्याची शक्यता तपासावी, आणि ते शक्य असल्यास आवारात जागा राखावी.

आपल्याकडे नागपूरजवळील कोराडी येथे ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी २०२३ साली जनसुनावणी झाली. अशा प्रत्येक सुनावणीत राख व पाणी यांबरोबर हेही विचारले पाहिजे: वायूच्या यंत्रांसाठी जागा राखली आहे काय? तो कोणत्या गावाखाली गाडणार? पाणी कोणाचे नेणार? उत्तर नसेल, तर 'सज्ज केंद्र' हा शब्द कागदावरच राहील. मोकळी जागा धूर गिळीत नाही.

आम्ही विजेचे वैरी नव्हेत. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना विजेच्या नियोजनाचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह त्यांनी धरला होता. परंतु दिवा एकाच्या घरी आणि राख दुसऱ्याच्या दारी, हा न्याय नव्हे.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी मिळणे व अहवालाचा गोषवारा मराठीत मिळणे हा तुमचा हक्क आहे. तो गोषवारा मागून घ्या, घरातील शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, आणि प्रश्न लेखी द्या. तोंडी विचारलेले वाऱ्यावर जाते. लिहिलेल्याला उत्तर द्यावे लागते.