पाणी, वीज, भंगार आणि आपण

पर्यावरण हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असे आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटते. शिक्षण, नोकरी, भाड्याने घर मिळणे, सुरक्षितता हे प्रश्न दारात उभे असताना झाडे आणि प्लास्टिक कुठे घेऊन बसायचे, असा सवाल तरुणांच्या बैठकांत मला नेहमी ऐकू येतो. सवाल प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर उपदेशाने देऊ नये, हिशेबाने द्यावे.

पहिला हिशेब असा, की पर्यावरण बिघडते तेव्हा त्याचे बिल सर्वांत आधी कोणाच्या घरी येते? मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली कोण झोपते? चार-पाच दिवसांआड नळ येतो तेव्हा कळशा घेऊन रांगेत कोण उभे राहते? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत साधारण पाच लाख लिटर पाणी होते. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या आईला विचारा, त्या उन्हाळ्यात टँकरवर किती पैसे गेले. ती आकडा सांगेल. ज्यांच्याकडे बोअर आणि इन्व्हर्टर आहे त्यांना हा प्रश्न टाळता येतो, आपल्यापैकी बहुतेकांना येत नाही.

दुसरा हिशेब घरखर्चाचा. पर्यावरणाला जपणाऱ्या बहुतेक सवयी पैसे वाचवणाऱ्या आहेत. महागडी 'ग्रीन' उत्पादने विकत घेण्याची मुळीच गरज नाही. मी इथे फक्त अशाच गोष्टी सांगणार आहे, ज्या पंधरा-वीस हजारांत चालणाऱ्या घराला परवडतील.

वुजूचे पाणी

सुरुवात पाण्यापासून करू. पैगंबर साहेब एका मुद्द पाण्यात वुजू करत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरपेक्षाही थोडे कमी. आता घरी एक प्रयोग करा. नळाखाली बादली ठेवा, नेहमीप्रमाणे नळ चालू ठेवून वुजू करा आणि बादलीतले पाणी मोजा. मी मोजले तेव्हा ते पाच लिटरच्या पुढे गेले. तोच वुजू लोट्याने केला तर एक-दीड लिटरमध्ये नीट झाला.

हेच गणित मशिदीला लावा. दिवसभरात तीनशे जणांनी वुजू केला आणि प्रत्येकाने चार लिटर वाचवले, तर दिवसाला १,२०० लिटर आणि महिन्याला ३६,००० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. मशीद कमिटीने नळांना दाबल्यावर काही सेकंदांत आपोआप बंद होणाऱ्या तोट्या बसवल्या तर हा खर्च काही महिन्यांत भरून निघतो. वुजूचे पाणी फारसे घाण नसते. ते गटारात सोडण्याऐवजी संडासाच्या टाकीला किंवा आवारातल्या झाडांना वळवता येते. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, यावर जुम्याच्या बयानात आपण ऐकतो. ते बयान नळापर्यंत पोहोचवायचे काम तरुणांचे आहे.

या बाबतीत आपल्याकडे वारसाही आहे. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी आहे. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, फक्त उताराच्या जोरावर शहरात आणले. त्याच शहरातल्या पाणचक्कीवर नहरीच्या पाण्याने जाते फिरायचे आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जायचे. आपण तिथे सेल्फी काढतो. पाणी जपून, समजून वापरणारी माणसे इथे होऊन गेली, हेही तिथे उभे राहून आठवावे.

विजेचे बिल वाचायला शिका

आपण बिलाची रक्कम बघतो, युनिट बघत नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्यांत आहे. पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि त्यापुढच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट दर. म्हणून १३० युनिट वापरणाऱ्या घराने ३० युनिट वाचवले तर वाचतात ते सर्वांत महागडे ३० युनिट.

ते कसे वाचवायचे? साधा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. वरच्या टप्प्यातला युनिट दहा रुपये धरला तर दोनशे रुपये. पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो, दीड-दोन वर्षांत किंमत वसूल. चांगला चालणारा पंखा फेकून नवा आणा असे मी म्हणत नाही. जुना जळाला की रिवाइंडिंग करण्याआधी हा हिशेब मांडा, एवढेच. साठ वॅटचा पिवळा बल्ब अजून कुठे असेल तर तो मात्र आजच काढा. नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो.

मशिदीतही जिथे सफ आहे तिथलेच पंखे लावावेत. दोन सफांसाठी अख्ख्या हॉलचे पंखे फिरत असतात आणि बिल चंद्यातून भरले जाते.

छपराचेही बघा. वरच्या मजल्याच्या स्लॅबला किंवा पत्र्याला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारला तर ऊन परावर्तित होते आणि खोली काही अंशांनी कमी तापते. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, त्यानंतर तिथल्या गरीब वस्त्यांत हा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. चुन्याला खर्च काही शे रुपये. रविवारी चार पोरे जमली तर एका गल्लीची छपरे होतात.

चहासाठी बाईक

हे खास भावांसाठी. नाक्यावर चहाला बाईक, पानाला बाईक, रात्री उगाच एक चक्कर. अशी दिवसाला सहा किलोमीटर धरली तर महिन्याला १८० किलोमीटर. पंचेचाळीसचे ॲव्हरेज धरून चार लिटर पेट्रोल, म्हणजे चारशेच्या वर रुपये. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो धूर गल्लीतल्याच दम्याच्या म्हाताऱ्यांच्या छातीत जातो. एक किलोमीटरच्या आत पायी जायचे, एवढा नियम पुरे.

दुरुस्ती हा आपलाच धंदा

मला सर्वांत जास्त या मुद्द्यावर बोलायचे आहे. आज जगभर 'वस्तू फेकू नका, दुरुस्त करा' असे सांगितले जाते, त्यावर परिषदा भरतात. आपल्या समाजातल्या कितीतरी जमातींचे पोट पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर चालले. गादीचा कापूस पिंजून पुन्हा नवा करणारे पिंजारी, भांड्यांना कल्हई करणारे, रफूगार, छत्री आणि कुलूप दुरुस्त करणारे, गॅरेजवाले, वेल्डर, मोबाइल रिपेअर करणारी पोरे. आणि कबाडी, भंगारवाले. शहरातला पुठ्ठा, लोखंड, प्लास्टिक पुन्हा कारखान्यात जाते ते त्यांच्या हातून. या लोकांनी पर्यावरण हा शब्द कधी वापरला नसेल, काम मात्र तेच केले.

आणि आपणच त्यांच्याकडे खालच्या नजरेने पाहतो. भंगारवाल्याच्या मुलाला वर्गात चिडवतात, आणि चिडवणाऱ्यांत आपली मुलेही असतात. ही नजर बदलल्याशिवाय कुठलीही मोहीम खरी होणार नाही. मिक्सर बिघडला की ऑनलाइन नवा मागवण्याआधी नाक्यावरच्या मेकॅनिककडे न्या. शर्टाची शिवण उसवली तर शिवून घ्या. ईदला एकच जोड घ्या, पण चांगला घ्या. लग्नाची शेरवानी भाड्याने आणा किंवा भावाभावांत वापरा. एका सुती टी-शर्टामागे कापूस पिकवण्यापासून सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे, आणि कापूस पिकवणारा विदर्भ-मराठवाडा तहानलेला आहे. दुरुस्तीला दिलेला पैसा मोहल्ल्यातच फिरतो, हा वरचा फायदा.

दस्तरखान

वलिम्यात ताटात टाकलेली बिर्याणी हा आपला उघडा दोष आहे. तांदूळ, मटण, गॅस, कर्ज काढून उभा केलेला पैसा, सगळे कचऱ्यात. वाढणाऱ्याने थोडे वाढावे, घेणाऱ्याने पुन्हा मागावे, आणि उरलेले त्याच रात्री वाटायची जबाबदारी दोन पोरांवर आधीच सोपवावी. इफ्तारला प्लास्टिकचे ग्लास आणि बाटल्या कशाला? महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून बंदी आहे. मोहल्ल्याने वर्गणी काढून शंभर स्टीलची ताटे आणि ग्लास घेतले तर ते वर्षानुवर्षे चालतात. मात्र ती धुण्याचे काम पुन्हा बायकांच्या अंगावर टाकू नका. जेवणाऱ्याने आपले ताट आपण विसळावे, यात कोणाची शान जात नाही.

मग कारखान्यांचे काय?

इथे कोणी म्हणेल, मोठे प्रदूषण करणारे मोकळे आणि तुम्ही गरिबांना लोटा मोजायला सांगता. आक्षेप बरोबर आहे. गरीब माणूस आधीच कमी वापरतो, आणि लोटा मोजल्याने नदी साफ होत नाही. मी बचत सांगतो ती दोन कारणांनी. वाचलेला पैसा आपल्याच घरात राहतो. आणि ज्याने आपले पाणी, आपले युनिट, आपला कचरा मोजला आहे, तो महापालिकेत जाऊन आकड्यांनिशी बोलू शकतो. आमच्या वॉर्डात घंटागाडी आठवड्यातून किती वेळा आली, नळ किती दिवसांनी आला, याची वही ज्याच्याकडे आहे त्याला टोलवणे अवघड जाते. 'तुमचे लोकच घाण करतात' या टोमण्यालाही ओला-सुका कचरा वेगळा केलेली गल्ली आणि तारखांची वही हेच उत्तर आहे.

संविधानाच्या कलम ५१-क मध्ये निसर्गाचे रक्षण आणि संवर्धन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. नागरिक म्हणून हक्क मागताना आपण संविधान हातात घेतो, ते घ्यायलाच हवे. त्याच पुस्तकातले हे पानही आपलेच आहे.

या महिन्यात एवढेच करा. घरातले मागचे तीन महिन्यांचे वीजबिल काढा आणि युनिट लिहा. वुजूचे पाणी एकदा मोजा. मित्रांबरोबर मशीद कमिटीकडे तोट्यांचा विषय मांडा. आणि वॉर्डातल्या नळाची, घंटागाडीची वही आजपासून सुरू करा. पुढच्या महिन्यात बिल खाली आले तर तो आकडा अम्मीला दाखवा. पैसे कुठे लावायचे ते ती ठरवेल.