कुठले गायकवाड?

जूनमध्ये मित्राच्या मुलासाठी लातूरच्या ट्यूशन एरियात खोली शोधत होतो. नांदेड, परभणी, बीडहून पोरं अकरावीला, नीटच्या तयारीला इथं येतात; गल्लोगल्ली 'रूम किरायाने देणे आहे' अशा पाट्या असतात. एका घरी खोली पसंत पडली, किराया ठरला, डिपॉझिटचंही बोलणं झालं. मग घरमालकांनी मुलाचं नाव विचारलं. गायकवाड. आता गायकवाड मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांतही आहेत. काका जरा थांबले. "कुठले गायकवाड?" पोरानं गाव सांगितलं. "तिथं कुणाचे पाव्हणे तुम्ही?" या प्रश्नाच्या उत्तरात त्यांना हवं ते कळलं. काकूंनी चहा आणला, तो आम्ही प्यायलो, आणि खोली "पुतण्यासाठी ठेवायचीय, ध्यानातच नव्हतं बघा" अशी झाली.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. माझ्या आडनावाबद्दल त्यांना दुसरा प्रश्न विचारावा लागला नव्हता. "सर, गैरसमज नको. आपण जातबीत मानत नाही. आई जुन्या वळणाची आहे."

ही हकीकत मी एका निवृत्त प्राध्यापक स्नेह्यांना सांगितली. ते म्हणाले, याला भेदभाव म्हणू नका. भेदभाव म्हणायला मनात द्वेष लागतो. त्या माणसानं तर चहा पाजला. सुशिक्षित घरांतून ही व्याख्या मी इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्याशी एकदा भांडायलाच हवं.

व्याख्येचा वाद आपल्याला नवा नाही. २००१ साली डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी तिथं जातीचा प्रश्न नेला. भारत सरकारचं म्हणणं होतं, जात म्हणजे वंश नव्हे. शब्दापुरतं ते बरोबर आहे. खुद्द बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातींमागे वंशभेद असल्याचा सिद्धान्त खोडून काढला होता. पण वंशभेदाविरुद्धच्या १९६५च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, वर्ण यांच्या जोडीला जन्मकुळ हाही आधार आहे, आणि तो शब्द घालण्याची सूचना भारताचीच होती. २००२ साली करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं त्यात जात येते असं स्पष्ट केलं. ते आपल्या सरकारनं मानलं नाही. बाबासाहेबांनी वंशाचा मुद्दा खोडला तो जातीला कसलाच आधार उरू नये म्हणून. डर्बनमध्ये तोच मुद्दा जातीचा विषय टेबलावरून उचलायला वापरला गेला.

'मनात काय होतं' हा प्रश्न किती महाग पडतो, ते खैरलांजीत दिसलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं ठार मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आरोपींना दोषी ठरवलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० साली उच्च न्यायालयानंही हेच धरलं, की हेतू सूडाचा होता, जातीचा नव्हे. सुरेखाबाईंनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती, त्याचा हा सूड. पण साक्ष कोणीही देतं. साक्ष दिली म्हणून अख्खं घर संपवायची हिंमत गावाला कुणाच्या बाबतीत होते, हा प्रश्न 'सूड' या शब्दाखाली गाडला गेला.

आमच्याच जिल्ह्यात, निलंगा तालुक्यातल्या ताडमुगळीत, २०२२ साली दलित तरुणांनी मारुतीच्या देवळात नारळ फोडला म्हणून वस्तीशी व्यवहार बंद झाल्याच्या बातम्या आल्या. किराणा नाही, गिरणीत दळण नाही. नंतर चर्चेतून मिटलं. गिरणीवाल्याच्या मनात द्वेष होता की गावाची भीती, मला माहीत नाही. ज्या घरात पीठ नव्हतं, तिथं या फरकानं भाकरी झाली नसती.

प्राध्यापकांची एक शंका मात्र खरी आहे. हेतू काढून टाकला तर सगळेच गुन्हेगार ठरतील, आणि शब्द झिजून जाईल. मान्य. तुरुंगात घालायचं तर हेतू सिद्ध करा. फौजदारी कायद्याला तेवढी कडक शिस्त हवीच. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेला जातीवाचक अपमान अ‍ॅट्रॉसिटीच्या त्या कलमात बसत नाही. काकांनी तर अपमानही केला नाही. शिवी नाही, जातीचं नाव नाही. मी त्यांना तुरुंगात घाला म्हणतच नाही. पण शिक्षेसाठी लागणारा पुरावा नाव ठेवण्यासाठीही लागतो, हे कुणी ठरवलं? जन्म बघून खोली नाकारली, याला जातिभेद म्हणायला काकांचं मन उघडून बघायची गरज नाही. प्रश्न कोणते विचारले आणि कितव्या प्रश्नाला थांबले, एवढं पुरे.

'उलटा जातिवाद' म्हणून जे सांगतात त्यावर फार वेळ घालवत नाही. कुणी गायकवाड रागानं मला काही बोलला तर मला वाईट वाटेल, मी भांडेनही. पण त्यानं माझी खोली जात नाही.

आणि आई. त्या घरात मी अर्धा तास बसलो होतो. जुन्या वळणाच्या आई पलंगावर बसून पोराला विचारत होत्या, "डबा लावला का रे? नाहीतर मी सांगते आमच्या बाईला."

पोराला पुढं चार गल्ल्या सोडून खोली मिळाली. तिथं घरमालकांनी नाव विचारलं तेव्हा तो बोलायच्या आत मीच म्हणालो, "आमचाच मुलगा आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. घरमालकांनी पुढं काही विचारलं नाही, किल्ली दिली. बस स्टँडपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.