केंद्र, राज्य आणि आमचा न्याय

गावात बौद्ध वस्तीवर हल्ला झाला की कार्यकर्ते मोर्चा काढतात, निवेदन देतात. राज्याचे मंत्री म्हणतात, कायदा केंद्राचा आहे. खासदारांना विचारावे तर ते म्हणतात, पोलीस राज्याचे आहेत. या टोलवाटोलवीत पीडित कुटुंब मात्र जोडे झिजवत राहते. ही टोलवाटोलवी चालते, कारण सत्तेची वाटणी संविधानाने नेमकी कशी केली आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

भारत हा 'राज्यांचा संघ' आहे, असे पहिलेच कलम सांगते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या शब्दाचा अर्थ उलगडला. हा संघ राज्यांनी आपापसात करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटता येत नाही. पण राज्ये म्हणजे दिल्लीच्या कचेऱ्याही नव्हेत. दोघांनाही अधिकार मिळतात ते संविधानाकडूनच. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संघराज्य पद्धती हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे मानले, ते याच पायावर.

सातव्या अनुसूचीत संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्य सूचीत आहेत. मग अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा राज्यांवर का सोपवला नाही? कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. पण त्या गुन्ह्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार कलम ३५ ने फक्त संसदेला दिला, राज्य विधिमंडळांना नाही. गावगाड्यावर ज्यांची पकड, त्यांचेच वर्चस्व विधानसभेत असले तर आमच्या संरक्षणाचा कायदा कसा होणार? म्हणूनच १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा संसदेने केले.

कायदा संसदेचा असला तरी तो राबवायचा राज्याने. संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशाच रीतीने राज्याने कारभार करावा, असे कलम २५६ बजावते आणि त्यासाठी निर्देश देण्याचा अधिकार केंद्राला देते. म्हणजे हात झटकायला दोघांपैकी कुणालाही जागा नाही.

१९८९ च्या कायद्याने आणि १९९५ च्या नियमांनी तर सारे लिहूनच ठेवले आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, झाली पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा. केंद्र सरकारने दरवर्षी अंमलबजावणीचा अहवाल संसदेपुढे ठेवायचा. कर्तव्यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली शिक्षेची तरतूद आहे.

अंमलबजावणी ढिली पडली की काय होते, हे खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ रोजी एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. कायदा कागदावर भक्कम होता. सुरुवातीचा तपास राज्याच्या पोलिसांकडे होता, नंतर तो केंद्राच्या सीबीआयकडे गेला.

संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे, की नुसती निवेदने पुरे झाली. जिल्हाधिकाऱ्यांना माहितीच्या अधिकारात विचारा, समितीची शेवटची बैठक कधी झाली? आमदारांना विचारा, मुख्यमंत्र्यांनी जुलैची बैठक घेतली का? खासदारांना विचारा, यंदाचा अहवाल सभागृहापुढे आला का? कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे कळले, की दोन्ही सरकारांच्या पळवाटा बंद होतात. संविधान घराघरात पूजण्यासाठी नाही, जाब विचारण्यासाठी आहे!