शाळा म्हणजे पाळणाघर नाही, म्हणे!

दोस्तहो, आधी पत्ता सांगते. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं एक कोरडं गाव. सरकारी मराठी शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मी तिथं स्वयंपाकी तथा मदतनीस. कागदावर असंच लिहितात, 'तथा' सकट. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या माझी चूल बंद. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. माझं नाव 'खिचडीवाली' होतं, ते तेच राहिलं.

माझं लेकरू दीड वर्षाचं. नवरा नि सासू मिळून एक कोयता. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्याला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी येतात. मी गेले नाही. सात महिन्यांचं पोर उसाच्या फडात पाचटावर टाकून मोळ्या वाहायच्या नाहीत, एवढं मी ठरवलं होतं. बारावी झालेली. शाळेत बाई पाहिजे होती. म्हणलं, शाळा तर शाळा, निदान डोक्यावर छप्पर आहे.

सकाळी साडेनवाला जायचं. तांदूळ निवडायचा, डाळ धुवायची, पाणी आणायचं, पातेलं चढवायचं. पोरामागं १०० ग्रॅम तांदूळ, मोजून. शिजलं की शिक्षकानं चव घ्यायची, रजिस्टरला सही करायची. मग वाढणं, मग भांडी घासणं, मग व्हरांडा झाडणं. व्हरांडा कागदावर नाही. पण त्या 'तथा'मध्ये सगळं बसतं. पटावर पंचवीसपर्यंत पोरं असली की बाई एकच, सव्विसावं आलं तर दुसरी, असा नियम. आमच्या पटावर चोवीस. पंचविसावं माझं, पण ते पटावर येत नाही.

लेकरू रांगायला लागलं तशी मी त्याला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खांबाला बांधायला लागले. हो, बांधलं. शेरडासारखं. लिहायची लाज वाटते, तरी लिहिते, कारण ही लाज माझ्या एकटीची नाही.

एक दिवस गाठ सुटली. मी उकळत्या भाताची पेज काढून ठेवली होती. लेकरू सरळ त्या भगुल्याकडं. तिसरीतली एक पोर हात धुवायला आली होती, तिनं त्याचा पाय धरून मागं ओढलं. माझ्या हातातली पळी खाली पडली. गुरुजी धावत आले. आधी लेकरू बघितलं, मग मला बोलले, "शाळा म्हणजे पाळणाघर नाही. उद्यापासून पोरगं आणायचं नाही."

गुरुजींचं अर्धं खरं होतं. चुलीपाशी रांगतं पोर ठेवणं म्हणजे मरणाला जागा देणं. पण राहिलेलं अर्धं कुणी सांगायचं? आणायचं नाही, तर ठेवायचं कुठं? अंगणवाडी आहे, पण ती दिवसाला पोर सांभाळते ते तिसऱ्या वर्षापासून. त्याच्या आतल्या पोराला खाऊचं पाकीट मिळतं, लस मिळते, सांभाळणारा हात मिळत नाही.

मग मी काय केलं ऐका. शेजारची पोर होती, नऊ वर्षांची. तिच्याजवळ लेकरू दिलं. दिवसाला दहा रुपये. पोर गुणाची. लेकराला खेळवायची, निजवायची. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी शाळेतल्या बाई चव घ्यायला आल्या नि म्हणाल्या, "अगं, चौथीतली ती पोर येत का नाही? तुमच्याच आळीतली ना?"

माझ्या पोटात कालवलं. ती पोर माझ्या घरी होती. माझं लेकरू काखेला घेऊन. मी शाळेत चोवीस पोरांना जेवू घालत होते, आणि त्यातल्याच एकीची शाळा मीच बंद केली होती. दहा रुपयांत. जिच्या आईबापांनी ऊसतोडीला जाताना तिला शाळेसाठी आजीपाशी मागं ठेवलं, तिला मी परत पोरं सांभाळायला लावलं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या एकटीच्या लेकराचा राहिला नाही. पाळणाघर नसलं की पोर कुणीतरी सांभाळतंच. आणि ती 'कुणीतरी' नेहमी पोरगीच असते, नेहमी गरिबाची असते, आणि तिची पाटी फुटते.

हे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांत काम केलं. धाकटं भावंडं काखेला असल्यानं मोठी पोरगी शाळेत येत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी म्हणायचे तिला. ताराबाई १९७३ साली गेल्या. म्हणजे पन्नास वर्षांच्या आधी याच महाराष्ट्रात शाळा आणि पाळणाघर एका आवारात नांदलंय. आणि आज मला सांगतात, शाळा म्हणजे पाळणाघर नाही!

आता पैशाचं बोलू. मला मिळतं ते मानधन. पगार नव्हे. २००९ पासून केंद्राचा आकडा महिना १००० रुपये. महाराष्ट्रात २०२३ साली तो २५०० झाला. वर्षातले दहा महिने. महिन्याला पंचवीस दिवस धरा, दिवसाला शंभर रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मातीकामाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे माती उकरली तर तीनशे बारा, आणि देशाचं भवितव्य का काय म्हणतात त्याला जेवू घातलं तर शंभर. वर आणखी 'मान' आणि 'धन'. दोन्ही शब्द खोटे.

जुन्या माणसांनो, तुम्हाला हा प्रकार ओळखीचा वाटत नाही का? गावाचं काम करायचं, दिवसरात्र करायचं, आणि त्याला मजुरी म्हणायचं नाही, मान म्हणायचं. महार वतन म्हणजे दुसरं काय होतं? बाबासाहेब त्या वतनाविरुद्ध वर्षानुवर्षं झगडले. १९५८ च्या कायद्यानं ते गेलं. वतन गेलं आणि मानधन आलं. हे मी एकटी बरळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एका बाईच्या अर्जावर स्वच्छ सांगितलं, की महिना हजार रुपयांवर असं राबवून घेणं ही वेठबिगारी आहे आणि संविधानाच्या २३ व्या कलमाला ती मंजूर नाही.

बाळंतपणाची भरपगारी रजा मला नाही. पगारच नाही, तर भरपगारी कुठून? २०१७ साली कायदा बदलला, नोकरदार बाईला २६ आठवडे रजा झाली, आणि जिथं पन्नास माणसं कामाला तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. आमच्या शाळेत माणसं किती? दोन शिक्षक आणि मी. पन्नास व्हायला शाळेचा गाव व्हावा लागेल. पण हिशोब बघा. महाराष्ट्रातली कुठलीही जिल्हा परिषद घ्या. हजारो शिक्षकांची ती एकटी मालक. बदल्या करताना सगळा जिल्हा एक धरते. पाळणाघराची वेळ आली की प्रत्येक शाळा वेगळी, प्रत्येक शाळेत माणसं तीन!

आणि मातीकामाच्या कायद्याला जे सुचलं ते शाळेला का सुचलं नाही? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलेलं होतं, की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच पोरं असली, तर त्यातल्या एका बाईला पोरं सांभाळायला बसवायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायची. झोळी बाभळीला, झोळीत माझा बाप. तिला उन्हातान्हात जे भोगावं लागलं, त्यातून निदान कागदावर एक ओळ आली. शाळेच्या पक्क्या इमारतीत तेवढी ओळही नाही.

बाईंचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही आपलंच रडगाणं गाते. बाई आमच्या जातीच्या नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्या हातचं चवीपुरतंच खाल्लं, रजिस्टरपुरतं. मी बघितलं, त्यांनीही बघितलं की मी बघितलंय. त्यांचं बाळ आठ महिन्यांचं. नगरला आईपाशी ठेवलेलं. त्या रोज एसटीनं येतात. एकदा दुपारी त्या स्वयंपाकखोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि भिंतीला तोंड करून उभ्या राहिल्या. दुधानं पोलका भिजला होता. मी काही बोलले नाही. माझा धुतलेला टॉवेल पुढं केला. त्यांनी घेतला.

त्यांना २०१८ च्या निर्णयाप्रमाणं सबंध नोकरीत १८० दिवस बालसंगोपन रजा आहे. मला एकही नाही. हा फरक मी विसरत नाही आणि तुम्हीही विसरू नका. पण दोनशिक्षकी शाळेत बाई रजेवर गेल्या तर चारही वर्ग एकट्या गुरुजींच्या गळ्यात. म्हणून ती रजा बाईंच्या कागदावर आहे, हातात नाही. आम्हा दोघींची जात वेगळी, पगार वेगळा, आणि लेकरं मात्र दोघींचीही बेवारस. त्या दिवसापासून बाई माझ्यासमोर बसून पोटभर जेवतात. जात गेली असं म्हणत नाही मी. जात एवढी स्वस्त नाही. पण दोघी मिळून अर्ज लिहायला बसलो, हे घडलं.

सावित्रीबाईंनी मास्तरकीचे धडे नगरला सिंथिया फॅरारबाईंच्या शाळेत घेतले, असं आपण अभिमानानं सांगतो. ३ जानेवारीला फोटोला हार घालतो. पण त्याच फुले नवराबायकोनं नाडलेल्या विधवांची बाळंतपणं करायला आणि त्यांची लेकरं सांभाळायला घर उघडलं होतं, हे शाळेच्या भाषणात शेवटच्या ओळीत उरकतो. त्यांना शाळा आणि पाळणा वेगळा वाटला नाही. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. ते पत्र १८४२ साली आपल्या नगरलाच सुरू झालेलं. त्या शाळकरी पोरीनं मांग-महारांच्या बाया छपराविना, थंडीपावसात कशा बाळंत होतात, हे मांडलं. लिहायला मिळाल्यावर एका पोरीनं आपल्या आयांचं बाळंतपण लिहिलं! आम्ही आज पदवीधर झालो आणि हा विषय 'बायकांचा' म्हणून बाजूला टाकतो.

आणि चळवळीतल्या भावांनो, आता जरा तुमच्याकडं वळते. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण याची व्याख्या केली, त्यात स्त्रिया होत्या. तुम्ही ती तोंडपाठ म्हणता. १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला. तुम्ही मात्र बैठक ठेवता रात्री नवाला, आणि विचारता, आपल्या बाया का येत नाहीत? अरे, लेकरू कोण घेणार? १४ एप्रिलच्या डीजेला वर्गणी निघते, समाजमंदिराच्या एका खोलीत सतरंजी टाकून पोरं सांभाळायला मात्र माणूस निघत नाही. बामणी व्यवस्थेला शिव्या देताना घसा बसतो तुमचा. आपल्या घरातल्या व्यवस्थेला एक शब्द? चौथीतल्या त्या पोरीनं माझं लेकरू काखेला मारलं, तेव्हा आळीतले किती तरणे पोरं पारावर मोबाइल बघत होते, मोजा.

म्हणून मागतो ते साधं आहे, आणि भीक नाही. मानधन हा शब्द पुसा, किमान वेतन द्या, बारा महिन्यांचं. स्वयंपाकाच्या बाईला बाळंतपणाची रजा द्या, पैशासकट. आणि शाळेच्या आवारात, चुलीपासून लांब, एक खोली, एक सांभाळणारी बाई, तिलाही पगार. त्यात बाईंचं लेकरू येईल, माझं येईल, मजुराचं येईल, आणि चौथीतल्या पोरीच्या काखेतलं भावंडंही येईल. २०२२ पासून केंद्राची 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीला पाळणाघर जोडायची. नाव छान आहे. आमच्या गावात अजून झोळीच आहे.

पैसा कुठून आणायचा, असं गुरुजींनी विचारलं. म्हणलं, गुरुजी, एवढे दिवस हा पैसा कुणी भरला ते आधी विचारा. त्या पोरीनं भरला. अकरा दिवसांच्या गैरहजेरीनं.

शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन पालक आणि निम्म्या बाया असायला पाहिजेत. सहीपुरत्या नव्हे, बोलण्यापुरत्या. आम्ही दोघींनी ठराव लिहून ठेवलाय. येत्या बैठकीत मांडणार आहे. अर्धा खर्डा बाईंच्या अक्षरात, अर्धा माझ्या. तुमच्या गावातही मांडा. उताऱ्याला कागद लागला तर मागवून घ्या.

ती पोर परत वर्गात बसते. तिच्या मागच्या दोन धड्यांचं मी बघते, भांडी घासून झाली की. आणि माझं लेकरू? ते आज पुन्हा खांबाला आहे. चुलीपासून लांबच्या खांबाला, दुहेरी गाठीनं. हे वाचून ज्याला वाईट वाटलं त्यानं वाईट वाटून घेऊ नये. समितीच्या बैठकीला यावं.

जय भीम.