नळाचं म्हणणं ऐका

मंडळी, नळ बंद केल्यावर भिंतीत धाडकन आवाज होत असेल, तर त्याची सवय करून घेऊ नका.

आपल्यातले कितीतरी जण पहाटे उठून पाणी भरणाऱ्या घरांतून इथे अमेरिकेत आले. म्हणून शॉवरला जोर असला की आपण खूश! माझं मत मात्र उलट आहे : जास्त दाब ही चैन नव्हे, धोका आहे.

वाहतं पाणी एकदम अडलं की दाब उसळतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये त्याचं गणित मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी तांब्याच्या पाइपात क्षणात थांबलं, तर दाब दीडशे पीएसआयहून अधिक वाढू शकतो. वॉशिंग मशीनचा होज हे धक्के रोज सोसतो.

इथल्या प्लंबिंग नियमांनुसार घरातला दाब ८० पीएसआयपेक्षा जास्त नसावा, ५०-६० पुरतो. बागेच्या नळाला लावायचा साधा गेज आणा, घरातले सगळे नळ बंद ठेवून आकडा वाचा. ८०च्या वर असेल, तर प्लंबरकडून प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह तपासून किंवा बसवून घ्या. दाब ठीक असूनही आवाज येत असेल, तर सैल पाइप आवळा, मशीनपाशी हॅमर अरेस्टर बसवा.

तरुण मित्रांनो, आईबाबा म्हणतील, "चालतंय रे!" तरी या दिवाळीत त्यांच्या घरचा दाब तुम्हीच मोजा. आणि डिसेंबरात सगळे भारतात निघालात, तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनच कुलूप लावा.